डचेसचा सुटलेला बूट

इनॉक पॅलिस्टर भित्रा होता. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण क्लबच्या शताब्दीच्या पुस्तकात त्याच्यावर 'निष्ठावान सेवक' एवढे दोनच शब्द छापलेले पाहून माझं डोकं फिरलं, म्हणून लिहिते.

आमच्या काउंटी क्रिकेट क्लबच्या मैदानाची देखभाल सव्वीस वर्षं त्याच्याकडे होती. राहायचं घर क्लबचंच. नोकरी गेली की घरही जाणार, म्हणून सेक्रेटरी समोर आला की हा टोपी काढून गवताकडे बघत उभा राहायचा.

१९४९ सालीही आमच्याकडे मोठा रोलर डचेस नावाची घोडी ओढायची. गवत उखडू नये म्हणून तिच्या चारही खुरांना चामड्याचे बूट बांधायचे, ही क्लबची जुनी रीत. त्या वर्षीच्या एका तीन दिवसांच्या सामन्याच्या पहिल्या सकाळी एक पट्टा सैल राहिला. बूट सुटला आणि डचेसचा खूर रुतला, तोही नेमका वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा घेतो तिथे. इनॉकनं माती ठोकली, वर गवताचा तुकडा बसवला, रोलर फिरवला आणि तोंड मिटून घेतलं.

पहिल्या दिवशी पाहुण्या संघानं फलंदाजी केली. आमचे गोलंदाज संथ, काही झालं नाही. रात्रीतून ती माती वाळून आक्रसली. दुसऱ्या दिवशी आमची फलंदाजी, आणि पाहुण्यांकडे डॉकरे. त्याचा चेंडू दिसण्याआधी ऐकू यायचा. हेल्मेट वगैरे तेव्हा नव्हतं.

आमच्याकडून क्लेम आर्कराइट खेळत होता. तेहतिशी उलटलेली, आणि अजून काउंटीची कॅप, म्हणजे संघातली पक्की जागा, मिळालेली नव्हती. आज शंभर केले तर कॅप, हे सगळ्यांना माहीत होतं. तो मागे हटणार नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत तो चहाघराच्या खिडकीशी आला. इनॉक आत चहाची बशी धरून उभा होता, त्याची बायको हेस्टर चहा ओतत होती, मी कॉलेजच्या सुट्टीत तिथे कप विसळायला होते.

"काय रे म्हाताऱ्या, खेळपट्टीखाली ससा पाळलायस का? एक चेंडू कानाशी काहीतरी बोलून गेला."

इनॉकनं न प्यालेला चहा खाली ठेवला. क्लेम गेल्यावर हेस्टरनं खिडकी लावली.

"बोल."

"डचेस रुतली होती. काल सकाळी. टप्प्यावरच."

"कुणाला सांगितलंस?"

"घर जाईल गं."

"घर जाईल. आणि त्याचं डोकं?"

"डॉकरे आणखी चार षटकं टाकेल. मग दमेल."

"मग मोज चोवीस चेंडू," हेस्टर म्हणाली. "मला भांडी आहेत."

त्यानं खरंच मोजले. रोलरच्या शेडचं दार धरून उभा होता. मी मागेच होते. त्याच्या मानेवर घाम निथळत होता. आठवा चेंडू उसळून यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला. नववा सरळ. दहावा पुन्हा त्याच जागी पडला, क्लेमनं मान वळवली आणि चेंडू खांद्यावर बसला. आवाज शेडपर्यंत आला. क्लेम गुडघ्यावर बसला, उठला, बॅट आपटून पुन्हा उभा राहिला. डॉकरे परत धावायला मागे निघाला.

इनॉक चालायला लागला.

खेळ चालू असताना मैदानात पाय ठेवायची त्याला परवानगी नव्हती. मधलं फाटक हौशी साहेबांचं, बाजूचं पगारी खेळाडूंचं. त्याचं कुठलंच नाही. तो दोरीखालून वाकून आत गेला. टोपी हातात.

"पॅलिस्टर! वेड लागलंय का?" पंच ओरडले.

"साहेब, तिथे घोडीचा खूर रुतला होता. मी खड्डा बुजवून ठेवला. खेळू नका."

पंचांनी वाकून अंगठा दाबला. गवताचा तुकडा डबीच्या झाकणासारखा हलला. सामना तिथेच संपला.

"एकेचाळीसवर होतो रे मी, मूर्खा!" क्लेम बोंबलला. मग हातमोजे काढायला गेला, तर त्याची बोटं वळेनात. ते इनॉकनं काढून दिले.

सोमवारी समितीनं विचारलं, पहिल्याच दिवशी का बोलला नाहीस?

"भीती वाटली, साहेब."

"मग दुसऱ्या दिवशी कशी गेली भीती?"

"कुठे गेलीय?" इनॉक म्हणाला.

नोकरी गेली, आणि महिनाअखेर इनॉक-हेस्टरनं घर रिकामं केलं. सामानाची हातगाडी ढकलायला क्लेम आला होता. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं ढकलत तो वाटभर इनॉकला शिव्या देत होता.