पाकीट कोणाच्या हातचं पाठवायचं?

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मंदाच्या फोनवर मेसेज आला. मी इथे सौंसरला घरीच होतो, चहा ठेवला होता... तो उतू गेला.

मंदा माझी पत्नी. तिला जाऊन पाच महिने झाले. तिच्या मूगवड्यांच्या ऑर्डर त्याच फोनवर येतात, म्हणून मी तो चार्ज करून ठेवतो. लोकांना मी एवढंच कारण सांगतो.

मेसेज पुण्याच्या एका मुलीचा होता. ती खाण्याच्या पदार्थांचे व्हिडिओ करते, तिला फॉलोअर्स पुष्कळ. "काकू, एक पाकीट फ्री पाठवाल का? मी रिव्ह्यू करीन," असं लिहिलं होतं.

मी तिचे जुने व्हिडिओ पाहत बसलो. बहुतेक वेळा चांगलंच बोलते. पण एका बाईंच्या लोणच्याबद्दल "तेलाला वास येतोय" म्हणाली होती, आणि खाली लोक पोटभर हसले होते. त्या बाई एकेकाला हात जोडून उत्तर देत होत्या... मी त्यांचं पेज शोधलं, तर ते बंद झालेलं.

पाकीट पाठवायची भीती वाटली. मंदाच्या वड्यांना कोणी नावं ठेवली तर उत्तर द्यायला आता ती नाही. आणि मला चार लोकांत बोलता येत नाही, हे ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे.

नाही म्हणायचीही भीती वाटली. मंदाच्या या कामात जवळच्या रामाकोना गावच्या तीन बायका सहा वर्षांपासून वड्या घालतात. ती गेल्यापासून ऑर्डर कमीच होत चालल्यात. हे काम थांबलं तर त्या तिघी पुन्हा दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणार.

शेवटी मी लिहिलं, "हो बाळा, पाठवते." पाठवते... मंदा लिहायची तसंच. ती नाही हे कळलं तर मुलगी नको म्हणेल असं वाटलं, म्हणून खोटं लिहिलं.

कपाटात मंदाच्या हातची सात पाकिटं होती. बोटांनी वडी सोडताना ती शेवटी हलकेच वर ओढायची, त्यामुळे तिच्या वडीला बारीक टोक यायचं. त्यातलं एक पाकीट मी खोक्यात ठेवलं आणि वर पत्ता लिहिला. या वड्यांना कोणी नावं ठेवणार नाही, एवढी खात्री होती.

गुरुवारी शोभाताई बसने आल्या, नवीन पाकिटं घेऊन. त्या तिघींतल्या मोठ्या. आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर त्या घरात वड्या-पापड घालत नाहीत, म्हणून आता सगळं काम त्यांच्या अंगणात चालतं.

त्यांनी उघडं खोकं पाहिलं आणि पाकीट हातात घेतलं.

"भाऊजी, ह्या तं मंदाताईच्या हातच्या हायेत."

मी हो म्हटलं. मेसेजचं सगळं सांगितलं.

"अन् मंग आर्डर आली तं कोणाच्या हातच्या धाडसान?"

तुमच्या वड्या त्या मुलीला आवडल्या नाहीत तर... एवढंच मी कसंबसं म्हणालो.

"काहून? आमच्या का मांजरीनं घातल्या?" त्या चिडल्या होत्या, पण हसतही होत्या. "इतके काहून भेऊन राहिले? सुतक तुमच्या घराले हाय, आमच्या हाताले नाई."

मग विचारलं, "तुमी खाल्ल्या का आमच्या?"

नव्हत्या खाल्ल्या. मंदा गेल्यापासून मी वडीची भाजीच खाल्ली नव्हती. शोभाताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, वड्या तेलात परतल्या, रस्सा केला आणि ताट माझ्यासमोर ठेवून उभ्या राहिल्या.

मी पहिला घास घेतला. ती चव मंदाची नव्हती. तिखट जरा पुढे होतं, वडी थोडी चपटी होती... पण आत मऊ शिजली होती. चांगली होती. मी दुसरी पोळी मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी त्या मुलीला खरं लिहिलं. काकू आता नाहीत, आधीचा मेसेज मी, त्यांच्या नवऱ्याने, लिहिला होता, त्याबद्दल माफ करा. पाकीट शोभाताई आणि त्यांच्या सोबतिणींच्या हातचं येईल.

तिचं उत्तर लगेच आलं. वाईट वाटल्याचं लिहिलं होतं. मग पुढे... "काका, काकूंची शेवटची पाकिटं असतील तर तीच पाठवा ना. त्यांच्या आठवणीवर व्हिडिओ करते, लोकांना खूप आवडेल. ऑर्डर पण भरपूर येतील."

तो मेसेज मी पाच-सहा वेळा वाचला. ती वाईट हेतूने म्हणाली नसावी. पण मंदाची वडी कॅमेऱ्यासमोर फोडली जातेय, खाली अनोळखी लोक रडके चेहरे टाकतायत, असं डोळ्यांसमोर आलं. लोणच्याच्या व्हिडिओने वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"आठवणीवर नको. वड्या खाऊन बघा आणि वड्यांबद्दलच बोला," असं लिहिलं. तिने "बघते" एवढंच कळवलं. शोभाताईंचं पाकीट त्याच दिवशी कुरिअरने गेलं.

पाकीट जाऊन आज आठ दिवस झाले. व्हिडिओ नाही, मेसेज नाही. ती काय बोलेल याची भीती आहे, आणि काहीच बोलली नाही तर त्याचीही आहे. फोन वाजला की अजून दचकतो.

सकाळी शोभाताईंचा फोन आला. म्हणाल्या, ऊन चांगलं हाय, डाळ भिजू घातली. मी म्हटलं, अहो, अजून एकही ऑर्डर नाही. त्या म्हणाल्या, "मंग का झालं? वाळाले दोन दिवस लागतेच नं."

एवढी हिंमत माझ्यात नाही. ज्यांच्यात आहे त्यांच्या ओळखीचा मी आहे, एवढं नशीब पुरे.