जबलपूरला रॅक आणायला गेले, माप घरीच राहिलं

वर्षभर सुट्टी मिळाली नाही, म्हणून जबलपूरची खेप हीच सहल मानली. नागपूरजवळ आमचा गोठवलेल्या मटाराचा छोटा कारखाना आहे. कोल्ड रूम माझी जाऊ सुनंदा सांभाळते. येत्या मोसमात मी आत जाणार नाही, असं तिनं सांगून टाकलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, आधी ते रॅक बदला. रॅक गंजले होतेच. तिच्याशिवाय कारखाना चालणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि याची मला भीती वाटत होती.

पहाटेच कार काढली. सिवनीच्या अलीकडे जंगलातल्या पुलावर वाघ दिसेल म्हणून गाडी हळू करू नका. मागचे ट्रकवाले माफ करत नाहीत. लखनादौनला पोहे बरे मिळाले, चहा मात्र नुसता गोड. थांबत थांबत पाच-साडेपाच तास लागले.

जबलपुरात वानखेडेकाका भेटले. ते सासऱ्यांचे जुने स्नेही, खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. कार त्यांच्या दारात ठेवून ऑटोनं निघालो, कारण कमानिया गेटच्या गर्दीत गाडी नेणं म्हणजे डोकेदुखी. तिथे खोव्याची जलेबी खाल्ली. दुसरी मागवली आणि पस्तावले.

तिथून गोहलपुरात काकांच्या ओळखीच्या कारागिराकडे गेलो. कोल्ड रूमसाठी रॅक घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: रंग दिलेलं लोखंड नको, पापुद्रे सुटतात आणि मालात पडतात. कोरड्या, गोठवणाऱ्या खोलीत जस्ताचा मुलामा चालतो. जिथे रोज धुणं असतं तिथे स्टीलच घ्या. फळी जाळीची हवी, म्हणजे थंडी सगळीकडे फिरते. भिंतीपासून हातभर जागा सोडा, खालून झाडू जाऊ द्या. मी हे सगळं पाठ करून गेले होते. खोलीची लांबी-रुंदी कागदावर होती. छताला भिडतील असे पाच खणी रॅक सांगितले.

कारागीर लिहून घेत होता. काकांनी मध्येच विचारलं, "थंड्यात काम कोण करते?"

"माझी जाऊ."

"हात कुठवर जाते तिचा?"

मला सांगता येईना. अठरा वर्षं आम्ही एका घरात राहतो.

काका म्हणाले, "फोन लाव नं, काहून थांबून राहिली?"

लावला. हात कुठवर जातो, ते सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "उजवा हात खांद्याच्या वर जात नाही गं. वर्ष झालं. वरचे क्रेट मी स्टुलावर चढून डाव्या हातानं काढते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की, रॅक बदला म्हणून."

मला स्वतःची लाज वाटली. गंज मी पाहिला होता, स्टूलही पाहिलं होतं. कारागिराकडे कागद परत मागितला आणि काम थांबवायला सांगितलं. तो जरा वैतागला.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परतले. रॅक ठेंगणे केले तर क्रेट कमी मावतील, हे गणित रस्ताभर डोक्यात होतंच, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर सुनंदाला कारागिराचा नंबर दिला आणि म्हटलं, उंची तूच सांग.

तिनं भिंतीला पाठ लावली, हात जाईल तिथवर नेला आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.