आधी नाव विचार

सुमेधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सियागंजच्या बाजारात कॉलेजच्या लॅबसाठी बादल्या घेत होते. दुकानदाराला म्हटलं, "राहू दे भिया," आणि रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. वाटेत रडू आलं नाही. हे होणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं...

इंदूरच्या एका नर्सिंग कॉलेजात आम्ही बरोबर शिकवायचो. सुमेधा गजभिये महूची, आजोबा फौजेतले. त्यांची शिस्त घरात दुसऱ्या कुणात नाही ती हिच्यात उतरलेली, कधीकधी वैताग यायचा. लॅबमध्ये पलंगावर एक डमी आहे, रबरी पेशंट. मुली त्याच्यावर सुई टोचायला शिकतात. डमी बोलत नाही, म्हणून ही हिरव्या पडद्यामागे स्टुलावर बसून त्याच्या वतीने कण्हायची, खोकायची, "अरे बाई, पंखा तो चला दो," म्हणून ओरडायची. या वयात काय नाटकं सुचतात तुला, असं मी तिला तोंडावर म्हटलेलं आहे.

त्या नाटकात एक मेख असायची. बेटमा गावाहून शिकायला आलेली पायल पहिल्यांदा इंजेक्शन घेऊन आली आणि डमीला विचारलं, "आप गोपाळरावजी हैं ना?" पडद्यामागून "हाँ" आलं. तिने सुई दिली. लगेच आवाज आला, "गोपाळराव शेजारच्या पलंगावर आहेत. मी किसनलाल. त्यांचं इन्सुलिन मला टोचलंस, आता मी काही वाचत नाही." पोरगी रडायलाच लागली. "मॅडम, पर आपने ही तो हाँ बोला!"

सुमेधा पडदा सारून बाहेर आली. "घाबरलेला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो, बेटा. नाव आपण सांगायचं नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मग मनगटावरची पट्टी वाचायची. ओळखीचा असला तरी."

पुढे पायलला जिथे नोकरी लागली, त्याच हॉस्पिटलात सुमेधा पेशंट म्हणून भरती झाली. आमच्या शेवटच्या भेटीत पायल इंजेक्शन घेऊन आली आणि तिने सरळ सुमेधाचा हात धरला. सुमेधाने तो काढून घेतला. धाप लागली होती. "आधी नाव विचार."

"मॅडम, आपको कौन नहीं जानता!"

मीच चिडले. "अगं, पुरे आता, टोचू दे तिला!" पण बाई हटली नाही. पायलने विचारलं, हिने पूर्ण नाव सांगितलं, पट्टी वाचून झाली, तेव्हा कुठे हात पुढे केला. पायल गेल्यावर म्हणाली, "आज मला पाहून विसरली, उद्या आणखी कुणा ओळखीच्याला पाहून विसरेल. मी गेल्यावर हिला कोण टोकणार गं?"

फोन आला त्या दिवशी मी वॉर्डात पोचले तेव्हा तिचा भाऊ गाडीची सोय बघायला गेला होता. पलंगाभोवती पडदा ओढलेला. सुमेधाला न्यायच्या आधी पायाला नावाची चिठ्ठी बांधायची होती. मी बाहेरच थांबले. आतून पायलचा आवाज आला, "मॅडम, अपना पूरा नाम बताइए." आणि ती थांबली... उत्तराची वाट बघत थांबली.

पडद्याबाहेरून मीच म्हटलं, "सुमेधा गजभिये."

मग तिने मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचली, आणि मला रडू फुटलं.

हल्ली लॅबमधल्या त्या स्टुलावर मी बसते. कण्हणं मला अजून जमत नाही. पण मुली घेतील त्या नावाला हो मात्र म्हणते.