ओल्या कोब्यावरचे अकरा ठसे

मागच्या वर्षी अकरा फेब्रुवारी, मंगळवार. कोब्याची मजुरी अठरा हजार पाचशे. हजर चौघे – शेषराव मिस्त्री, त्याचे दोन मजूर आणि मी. आकडे आधी देतो, कारण कुणी असले गूढ अनुभव सांगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारतो, किल्ली कुणाकडे होती? इथे ती माझ्याच खिशात होती...

जाफ्राबाद तालुक्यातल्या एका गावात नागरी हक्कांचं छोटं संग्रहालय होत होतं. बांधकामाची देखरेख माझ्याकडे. एका दालनात गावातली जुनी गल्ली उभी करायची होती. कधीकाळी बौद्ध वस्तीतल्या लोकांना त्या गल्लीतून चपला हातात घेऊन जावं लागे.

साडेबाराला शेषरावने त्या दालनातल्या जमिनीचा सिमेंटचा कोबा घोटून संपवला. दालनाला एकच दार, खिडकी नाही. मी कुलूप लावलं आणि आम्ही चौघे त्याच दारासमोर जेवायला बसलो. दीडला दार उघडलं, तर मधोमध चपलांचे ठसे. अकरा. कडेने फळी टाकून मी टेप लावला – लांबी सव्वानऊ इंच, पावलांतलं अंतर सगळीकडे बावीस. पहिला ठसा दारापासून सात फूट आत, शेवटचा समोरच्या भिंतीपाशी. परतीचा एकही नाही. आमच्या चौघांच्या चपला मोजल्या. एकही जुळली नाही.

ठेकेदार त्याच जुन्या गल्लीतल्या मोठ्या घरचा. म्हणाला, फोडा, नवा करा, मजुरी मिस्त्रीच्या बिलातून कापा. शुक्रवारी शेषरावला मुलीची कॉलेजची फी भरायची होती. तो एवढंच म्हणाला, "सायेब, मी तुमच्यासंगच जेवून राह्यलो व्हतो ना."

गल्लीची माहिती देणाऱ्या पारूआत्या तेवढ्यात आल्या. ऐंशीच्या पुढच्या, शेषरावच्याच बौद्ध वस्तीतल्या. त्यांनी दारातून वाकून ठसे पाहिले. मग म्हणाल्या, "आमी चपला हातात घिऊन पळत जायचो. ह्यो तर पायात घालून बराबर मधून गेला. घाई बी न्हाई केली."

ठेकेदार हसला. "मंग बिल त्यालाच पाठवू का, आत्या?"

"पाठव की. तुझ्या आज्याच्या दारावरूनच गेलाय, तिथंच इचार."

मी अहवालात लिहिलं – दार बंद, किल्ली माझ्याकडे, मिस्त्री माझ्यासमोर. कपातीवर सही करणार नाही, असं तोंडावर सांगितलं. संग्रहालयाच्या समितीनेही कोबा तसाच ठेवायचं ठरवलं.

नंतर मी शिडी लावून छत पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या. काही सापडलं नाही. आजही माझ्याकडे उत्तर नाही, आणि ओढूनताणून मी ते देणारही नाही.

शुक्रवारी सकाळी ठेकेदाराने स्वतःच्या हाताने शेषराव मिस्त्रीला पूर्ण अठरा हजार पाचशे रुपये दिले.