आम्ही मुलाकडचे

चेन्नईतले आमचे तंजावुरी शेजारी लिफ्टमध्येसुद्धा वय विचारून मोठ्याला आधी आत सोडतात. एकदा ते आपला जर्बिल, म्हणजे गुबगुबीत पाळीव उंदीर, घेऊन माझी जर्बिल बघायला आले. मुलाकडचे म्हणून पायावर पाय टाकून बसले, केसरी म्हणजे शिरा आणि भजी खाल्ली आणि कॉफीला फेस कमी म्हणाले.

मी म्हटलं, “जोडी लावण्याआधी शेपट्या उचलून नर-मादी बघू या.”

त्यांनी डोळेच मिटले. “सोयरिकीत असं बघतात काय? आमचा मुलगाच आहे. चाल बघा की.”

मी माझीला त्यांच्या पिंजऱ्यात पाठवलं. महिन्याभरात पिल्लं झाली, पण ती त्यांच्या मुलाला.

लाडवांचा डबा घेऊन ते दारात उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसेनात. “आता आम्ही मुलीकडचे,” ते हळूच म्हणाले, “सांभाळून घ्या.”

माझा पाय पायावर कधी गेला, मला कळलंच नाही.