बापदेवाचा उजवा कौल

आमच्या भागोजीला देवभोळा म्हणणाऱ्यांनी त्याला नीट पाहिलेलं नाही. तो देवाला भितो, पण वकील न्यायाधीशाला भितो तसा.

श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावात, समुद्राच्या अंगाला त्याची सुपारीची वाडी आहे. वाडीच्या डोक्यावर बापदेवाची देवराई, आणि वाडी जगायची ती त्या राईतल्या झऱ्यावर. पाणी पाटाने उतरून थेट पोफळींच्या मुळाशी जायचं, पंप नको की वीजबिल नको. राई देवाची, म्हणून तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नसे. भागोजी तर हद्दीबाहेर चपला काढायचा. पर्यावरणावर भाषण द्यायला तालुक्याहून साहेब आला की त्यालाच ऐकवायचा, "देव हाय तवर हितल्या झाडाला हात लावायची कुनाची छाती न्हाय."

मग पर्यटक आले. शेजारच्या भिकूने खोल्या बांधल्या, त्याच्या दारात मुंबईच्या गाड्या लागू लागल्या आणि भागोजीच्या पोटात दुखू लागलं. समुद्र त्याच्याही वाडीतून दिसतो, पण तिथवर गाडी न्यायची तर रस्ता देवराईतून काढावा लागणार होता.

दुसरा कोणी असता तर गुपचूप करवत लावून मोकळा झाला असता. भागोजी पापभीरू. त्याने नामा गुरवाला घेऊन देवाला कौल लावला. शेंदरी पाषाणाला ओली पाकळी चिकटवून प्रश्न विचारायचा; उजवीकडे पडली तर देवाचा होकार, डावीकडे पडली तर नकार.

"बापदेवा, राई तोडू काय?" डावीकडे.

"थोडीच तोडू काय?" डावीकडे.

"गाडीपुरती?" डावीकडे, आणि तीही चटकन.

भागोजीचं जेवणावरून मन उडालं. काही दिवसांनी तो नवा प्रश्न घेऊन गेला. "बापदेवा, तू हितं पावसापान्यात उघड्यावर हायेस. सडकेला पक्कं देऊळ बांधलं तर येशील काय?" पाकळी उजवीकडे पडली. पक्कं घर कोणाला नको असतं?

देव वाजतगाजत सडकेला गेला. पालखीपुढे भागोजी ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग येतो. पुढच्याच आठवड्यात राईत करवत सुरू झाली. मी भांडायला गेलो तर त्याने मला शांतपणे समजावलं, "राई कुनाची? देवाची. आता देव हाय का तिथं? मग ती नुसती झाडं." गावालाही हे पटलं. इतकी वर्षं काटकी न उचलणाऱ्यांनी टेम्पो भरून सरपण नेलं.

रस्ता झाला, 'बापदेव नेचर स्टे' अशी पाटी लागली. पाहुण्यांना ऊन लागतं म्हणून भागोजीने अंगणावर हिरवी जाळी बांधली.

यंदा होळीनंतर झरा आटला. बोअर मारली तर खारं पाणी लागलं. आज्याने लावलेल्या पोफळी माना टाकू लागल्या, तसा भागोजी सडकेच्या देवळाकडे धावला. मागोमाग त्याची बायको मैना गेली, आणि मीही गेलो, कारण हा तमाशा मला चुकवायचा नव्हता.

नव्या देवळात डाव्या भिंतीवर मोठा पंखा आहे. तो चालू असला की पाकळी उजवीकडेच जाते. गाव खूश आहे. पक्क्या देवळात आल्यापासून देव कोणाला नाही म्हणत नाही.

भागोजीने हात जोडले. "बापदेवा, झऱ्याला पानी येल ना?"

पाकळी उजवीकडे गेली. भागोजीने लोटांगण घातलं.

मैनाचा सगळा जन्म पाटाचं पाणी वळवून त्या वाडीला शिंपणं करण्यात गेला. तिने पदराने डोळे पुसले आणि नामाला दुसरी पाकळी लावायला सांगितली.

"देवा, पानी आता कवाच यायचं न्हाय ना?"

पाकळी उजवीकडे गेली.

नामा छताकडे बघू लागला. भागोजी उठून बसला. मग तो बायकोवर खेकसला, "देवाला असं फिरवून फिरवून इचारायचं नसतं."