शकू, कडी काढ की

इथले गूढ अनुभव मी बहुतेक वेळा हसायला म्हणून वाचतो, हे आधीच कबूल करतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. प्रेशरचा काटा हलला तर तो का हलला हे शोधणं माझं काम, आणि कारण सापडलंच नाही असं आजवर झालेलं नाही. घरातही अंगारा-धुपारा, नवस, उतारा काही नाही. वडिलांनी ते सगळं माझ्या जन्माआधीच बंद केलं होतं. त्यामुळे हे लिहू की नको करण्यात माझं एक वर्ष गेलं.

श्रीनिवास हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरात तेलुगू बोलतात, आणि धंदा चादरी-टॉवेलचा. त्यांचा यंत्रमागाचा कारखाना बंद पडला तेव्हा त्या रिकाम्या शेडमध्ये या पठ्ठ्यानं चक्क सिनेमा काढला. तोही सायन्स फिक्शन! कॅमेरा मागून आणलेला, कलाकार ओळखीपाळखीचे, लाइट म्हणजे पत्र्याच्या भोकांतून येईल तेवढा. गोष्ट अशी — बंद शेडमध्ये अडकलेल्या एका कामगार बाईला जुन्या टेपरेकॉर्डरवर उद्याचे आवाज ऐकू येतात. का, कसे, काही सांगितलेलं नाही. शेवटची अकरा मिनिटं तर माणसाचा आवाजच नाही. फक्त माग थांबत येताना होते तशी घरघर. हे मी छातीठोकपणे सांगतोय, कारण सिनेमाचा साउंड मी केला होता. ती अकरा मिनिटं हेडफोन लावून मी किती वेळा ऐकली असतील त्याला गणती नाही.

जानेवारीतला रविवार होता. अशोक चौकाजवळ एका वाचनालयाच्या वरचा हॉल मिळाला. दुपारी तीनचा शो. तीस-पस्तीस माणसं आली. आईलाही चल म्हटलं होतं. ती म्हणाली, "मागं दाखवलेलंस तेवढं बास झालं. मला काय कळत नाही त्यातलं. मी आज केस धुते निवांत."

मी मागच्या भिंतीला लॅपटॉप घेऊन बसलो होतो. शेवटच्या भागात एक गोष्ट दिसली. घरघर चालू असताना पुढच्या रांगेतली माणसं एकदम ताठ झाली. एका बाईनं छातीवर हात ठेवला. दोघं-तिघं मान वळवून स्पीकरकडे बघायला लागले. मी मनातून खूश! म्हटलं, आपला साउंड लागला लोकांना.

सिनेमा संपल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मी मोबाइलवर प्रतिक्रिया घ्यायला लागलो. श्रीनिवास शेजारीच होता. पहिलेच एक निवृत्त चित्रकला शिक्षक आले.

"काही कळलं नाही," ते म्हणाले, "पण शेवटी तो माणूस हाक मारतो ना, तिथं मी हललो."

मला वाटलं, सरांची गल्लत झाली. वय झालंय, लागली असेल डुलकी. मी हसून मान हलवली.

मग एक कॉलेजची मुलगी आली. तिनं वहीत मुद्दे लिहून आणले होते. "एंडिंग ओपन आहे ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण एक चूक सांगू? शेडला शटर दाखवलंय, आणि तो माणूस बाहेरून 'कडी काढ' म्हणतो. शटरला कडी कुठून येणार? आणि शकू कोण? आधी कुठंच नाव येत नाही तिचं."

मी श्रीनिवासकडे बघितलं. "तू मला न सांगता काय टाकलंस का रे?"

"अरे बाबा, मी कशाला टाकू? फाइल तुझ्याकडेच होती की!"

तोवर खरात मामा पुढं आले. हे आमच्या कारखान्यावर वॉचमन आहेत, मूळचे सांगोल्याकडचे. माझ्या आग्रहानं आलेले. मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही ऐकलं काय, हाक वगैरे?"

"म्हंजे? त्योच तर लई भारी हाय की! बाई येकटी बसल्याली, आन भायेरनं कोन तरी आदी खोकतंय. दोनदा. मग म्हंतंय..." मामांनी आवाज बसवून, ओढून म्हणून दाखवलं, "शकूऽ... ए शकू... अगं कडी काढ की!"

मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं.

माझ्या आईचं नाव शकुंतला. शेजारीपाजारी ताई म्हणतात, नातेवाईक काकू म्हणतात. शकू म्हणणारा एकच माणूस होता, माझे वडील. ते जाऊन चार वर्षं झाली. आणि बोलायच्या आधी दोनदा खोकायची त्यांना सवय होती. त्या गर्दीत हे श्रीनिवाससुद्धा जाणत नव्हता.

आईला फोन लावला. उचलला नाही. परत लावला... नाही. मी मोबाइल श्रीनिवासच्या हातात कोंबला आणि गाडी काढली. बुधवार पेठेतलं आमचं घर तिथून लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. काय झालं असेल याचा विचार डोक्यात नव्हता. फक्त मामांनी काढलेला तो आवाज होता.

बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. बाथरूमचं आतून बंद. आत पाणी वाहत होतं.

"आई! आई, दार उघड!"

आतून काहीच नाही. मी दार वाजवलं, ओरडलो, मग खांद्यानं धडका दिल्या. तिसऱ्या धडकेला आतली कडी स्क्रूंसकट निघाली.

आई फरशीवर पडली होती. गॅसचा गीझर चालू. थंडी येते म्हणून तिनं वरच्या झरोक्याला पुठ्ठा लावून ठेवला होता. मी तिला ओढत बाहेर अंगणात आणलं. शेजारच्यांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, गीझरच्या धुरानं बेशुद्ध पडल्या, आणखी थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर हाती काही लागलं नसतं. रात्री आठला तिनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "तुझा सिनेमा झाला का?"

मी भिंतीला टेकून खाली बसलो. रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

पुढच्या आठवड्यात मी सिनेमाची फाइल सुरुवातीपासून तपासली. शेवटच्या अकरा मिनिटांत घरघरीशिवाय काही नाही. आवाजाच्या रेघेत कुठंही वेगळा उंचवटा नाही. खालचं वाचनालय रविवारी बंद असतं, म्हणजे तिथूनही कुणी ओरडलेलं नाही. श्रीनिवासनं आलेल्या प्रत्येकाला फोन केला. निम्म्याहून जास्त लोकांनी हाक ऐकली होती. त्यानं ऐकली नव्हती. मीही नाही. मोबाइलवरच्या प्रतिक्रिया मात्र आहेत. सर आहेत, ती मुलगी आहे, मामा आहेत. जे सिनेमात नाही त्याबद्दल माणसं अगदी सहज बोलतायत. मी त्या तिघांचं बोलणं पुन्हा पुन्हा बघितलंय.

आईपासून किती दिवस लपवणार? सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या मामांकडं ने मला."

मामांच्या खोलीवर गेलो. त्यांनी चहा टाकला. आईनं पदर सावरत विचारलं, "दादा, रागात होते का हो ते?"

मामांना आता सगळं माहीत होतं. ते जरा विचार करून बोलले, "न्हाय ताई. रागात न्हाय. घाईत हुते."

आईनं मान हलवली. चहा संपवला आणि उठली.

परत येताना मला राहवलं नाही. गाडी सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "आई, त्या हॉलमध्ये मी होतो की. परक्यांना ऐकू आलं, मला का नाही?"

मागून ती म्हणाली, "तुला आलं असतं तर तू काय केलं असतंस?"

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं काढली.

"स्पीकर बिघडला म्हणाला असतास," ती म्हणाली, "आणि वायरी तपासत बसला असतास."

हे खरं आहे. मी अगदी तेच केलं असतं. पण तेवढ्यानं ती हाक कुठून आली हे कळत नाही, आणि मला ते आजही सांगता येत नाही.